मागील शेरा कायम

पान १

फाइल जागेवर होती. फाइलच्या आतलं सगळं गेलं होतं.

म्हणजे पुठ्ठा होता, पुठ्ठ्यावरचा क्रमांक होता, लेस होती आणि लेसला मारलेली गाठही होती. आत मात्र एक कागद नाही. चोवीस वर्षांची नोकरी, दीडशेच्या वर पानं, आणि हातात घेतलं तर वजन नुसत्या पुठ्ठ्याचं.

"अकरा वाजले," धाकटे साहेब म्हणाले. "चारला समिती बसणार. पाच तास आहेत, बाई."

धाकटे साहेब एकसष्ट वर्षांचे होते. वडील जाऊन वीस वर्षं झाली तरी कारखान्यात कोणी त्यांचं 'धाकटे' काढून घेतलं नव्हतं. औषधाच्या बाटल्यांचा हा कारखाना वडिलांनी उभा केला, यांनी सांभाळला, आणि आता डॉक्टरांनी दम भरल्यामुळे ते खुर्ची सोडत होते. खुर्चीसाठी दोन नावं होती. एक त्यांचा जावई, विक्री विभागाचा प्रमुख. दुसरी भट्टीताई, उत्पादन विभागाची प्रमुख. कारखान्याच्या इतिहासात त्या खुर्चीच्या इतक्या जवळ आलेली पहिली बाई.

रिकामा पुठ्ठा भट्टीताईचा होता.

बाईंनी तो उलटा करून झटकला. कर्मचारी विभागाच्या त्या जुन्या अधिकारी. तीस वर्षं सगळ्यांच्या नोकऱ्यांचे कागद त्यांच्या हाताखालून गेले होते, आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी हरवलेला कागद शोधण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. सकाळी गाडी पाठवून त्यांना घरून उचलून आणलं होतं. दुखरा गुडघा आणि अर्धवट प्यायलेला चहा मागे टाकून त्या आल्या होत्या. निदान चहा तरी मागे टाकून.

"फाइल नाही मिळाली तर?" त्यांनी विचारलं.

"आता तुम्ही मला विचारताय?" साहेब कसंनुसं हसले. "नियम तुम्हीच लिहिलाय. फाइल टेबलावर नाही, तर नाव टेबलावर नाही. पाचव्या मिनिटाला माझा जावई खुर्चीवर बसेल आणि लोक म्हणतील, सासऱ्यानं कागद गिळले."

"गिळलेत का?"

साहेबांनी चष्मा काढला. काचा पुसत बसले.

पान २

दप्तरखाना तळमजल्यावर होता. तिथला दप्तरी बाईंच्याच हाताखाली तयार झालेला. त्यांना पाहताच तो उठला आणि फडक्यानं खुर्ची पुसू लागला.

"खुर्ची राहू द्या. आधी चेहरा पुसा," बाई म्हणाल्या. "घामानं डबडबलाय."

"बाई, कुलूप शाबूत आहे. किल्ल्या दोन. एक साहेबांच्या ड्रॉवरात, एक माझ्या कमरेला. आणि माझी कमर मी कुठं ठेवून जात नाही."

"दोघांनी आपापल्या फायली वाचल्या?"

"नियमच आहे ना तुमचा."

नियम असा होता. सर्वांत वरच्या पदासाठी ज्याचं नाव येईल त्यानं दप्तरखान्यात बसून स्वतःची फाइल वाचायची. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लिहायचं, 'वाचले, मान्य', आणि खाली सही. एखादं पान पटलं नाही तर 'अमान्य' लिहायचं. मग ते पान ज्यानं लिहिलं असेल त्याला समितीपुढे उभं राहून जाब द्यावा लागे. कोणाच्या पाठीमागे कोणाबद्दल काही लिहिलं जाऊ नये, म्हणून बाईंनी थोरल्या साहेबांशी दोन महिने भांडून हा नियम करवून घेतला होता. तीस वर्षांच्या नोकरीत अभिमान वाटावा अशा ज्या दोन-तीन गोष्टी होत्या, त्यांतली ही एक.

त्यांनी वाचनाची वही उघडली.

सोमवार. जावई. आत १०:०५, बाहेर १०:३०.
सोमवार. भट्टीताई. आत ११:००, बाहेर १:१५.
मंगळवार. भट्टीताई. आत ११:००, बाहेर ११:४०.
बुधवार. भट्टीताई. आत ११:००, बाहेर ११:२०.

आज गुरुवार होता.

"तीन दिवस?"

"मोठी फाइल आहे, बाई."

"मोठी फाइल वाचताना रोज वेळ कमी कमी होत जातो का हो? सोमवारीच वाचून झाली तिची. मग मंगळवारी काय वाचलं?"

दप्तरी वहीकडे असा बघत राहिला, जणू ती त्यानं आजच पाहिली.

बाईंनी पुठ्ठ्याची लेस त्याच्या नाकासमोर धरली. दोन वेढे, टोक आत खोचलेलं. घाईत काढली तर ही गाठ आवळत जाते, आणि नीट सोडली तर एका बोटानं सुटते. "ही कोणाची गाठ?"

"आपली. म्हणजे, तुम्ही शिकवलेली."

"मी शिकवलेले किती लोक उरलेत कारखान्यात?"

दप्तरीनं बोटं मोजायला सुरुवात केली आणि पहिल्याच बोटावर थांबला. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"मी एकटाच, बाई," तो म्हणाला.

पान ३

जावयाच्या खोलीला चारही बाजूंनी काचा होत्या. पाठीमागे सगळे त्याला जावईबापू म्हणत आणि त्याला ते माहीत होतं. बाई आत आल्या तसा तो उठला, त्यांच्यासाठी खुर्ची ओढली आणि गुडघ्याकडे बघून पायाखाली एक खोकंही सरकवलं. त्याचा राग यावा म्हणून बाईंनी मनाची तयारी करून ठेवली होती. ती वाया गेली.

"सगळ्यांना वाटतंय मी चोरली."

"फायदा तुमचाच आहे."

"हेच चुकतंय. ती फाइल टेबलावर यावी असं कारखान्यात सगळ्यात जास्त कोणाला वाटत असेल तर मला." त्यानं आवाज खाली आणला. "पदाची अट माहीतय ना तुम्हाला? किमान पाच वर्षं एखादं युनिट स्वतंत्रपणे चालवलेलं हवं. मी डोंगरापलीकडचं युनिट सहा वर्षं चालवलं. भट्टीताईनं एकही नाही. आयुष्यभर इथंच. फाइल उघडली की दहा मिनिटांत निकाल. मला रिकाम्या मैदानात जिंकायचं नाहीये, बाई. तसं जिंकलो तर मरेपर्यंत जावईबापूच राहीन."

भट्टीताईनं युनिट चालवलं नव्हतं, हे बाईंना माहीत होतं. तीनदा ती जागा निघाली आणि तीनदा दुसऱ्याला गेली. दर वेळी ती पोरगी बाईंकडे येऊन रडली होती.

"दिलं नाही म्हणून चालवलं नाही," त्या म्हणाल्या.

"दिलं नाही?" जावयाला खरंच आश्चर्य वाटलं. "मी ऐकलंय ते निराळं. तीनदा नाव निघालं आणि तीनदा तिला नको होतं, असं फाइलमध्येच आहे म्हणे."

"कोण म्हणतं?"

"सासरे." तो टेबलावरची पेन्सिल फिरवत राहिला. "डोक्यानं ती माझ्या चार पावलं पुढं आहे. हे मी या काचांच्या बाहेर बोलणार नाही. पण एक सांगा, बाई. फाइल नसेल तर ती नुसती बाद होते. फाइल असेल तर सगळ्यांसमोर हरते. तुम्ही तिच्या जागी असता तर काय केलं असतंत?"

पान ४

"नको म्हणाली? तीनदा?"

धाकटे साहेब गोळ्यांची डबी शोधत होते. ड्रॉवरात किल्ली होती. तिच्यावर धूळ होती, आणि धुळीत बोटाचा ठसा नव्हता. बाईंनी ते पाहून घेतलं आणि साहेबांचं नाव मनातल्या संशयितांतून काढून टाकलं.

"हो. डोंगरापलीकडचं युनिट द्यायचं म्हटलं की तिचं नाव पहिलं निघायचं. मग फाइल मागवायची. फाइलमध्ये असायचं, शक्य नाही."

"तिनं तसं पत्र दिलं होतं?"

"पत्र कशाला? फाइलमध्ये आहे म्हटल्यावर पत्र कोण मागतो?" साहेबांनी गोळी पाण्याबरोबर गिळली आणि वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत कसलाही कावा नव्हता. "आणि तुम्ही मला काय विचारता, बाई? तुमच्याच वेळचं आहे ते."

बाईंना आठवेना.

चारशे माणसांच्या रुजू होण्याच्या तारखा त्यांना पाठ होत्या. कोणाच्या बापाचा दमा, कोणाच्या बायकोचं ऑपरेशन, कोणी कोणत्या साली रजेचा खोटा अर्ज दिला, सगळं डोक्यात होतं. आणि हे मात्र, कितीही ताण दिला तरी, आठवेना.

पान ५

(हे पान जागेवर नाही.)

पान ६

"दप्तरी, खोटं बोललात तुम्ही."

"आई शप्पथ, मी फाइल..."

"फाइल तुम्ही घेतली नाहीत हे मला सकाळीच कळलं. चोरी करणारा माणूस स्वतःची गाठ मारून ठेवत नाही. गाठीचं खोटं बोललात. मी शिकवलेले तुम्ही एकटे नाही. सुरुवातीला भट्टीवर बाईमाणूस घ्यायला कोणी तयार नव्हतं, तेव्हा ती पोरगी सहा महिने माझ्याच खोलीत बसून फायली बांधत होती. तुमच्या शेजारच्या टेबलावर. विसरलात?"

दप्तरी खाली बसला. मघाशी इतकी पुसलेली खुर्ची सोडून तो फायलींच्या गठ्ठ्यावरच बसला.

"नाही विसरलो."

"मग काल वीस मिनिटांत काय झालं? तुमच्या समोर बसून कोणी दीडशे पानं काढून नेली आणि तुम्हाला दिसलं नाही?"

"मी समोर नव्हतो."

"कमर कुठं सोडून जात नाही म्हणालात."

"गेलो होतो, बाई. पाचच मिनिटं." त्यानं फडकं मांडीवर ठेवलं. "ताई फाइल उघडून बसल्या होत्या. तिन्ही दिवस तेच एक पान. काल पेन हातात घेतलं, ठेवलं, परत घेतलं. मग म्हणाल्या, दप्तरी, जरा बाहेर थांबता का, मला रडायचंय. आता चोवीस वर्षांत मी त्यांना कधी रडताना पाहिलं नाही. भट्टी फुटली होती तेव्हाही नाही. माणूस असं सांगून रडायला लागलं तर मी तिथं काय पहारा देत बसू? निघालो. आणि हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं होतं?"

बाईंनी वही मिटून ठेवली.

"जाताना हातात पिशवी होती," दप्तरी पुटपुटला. "मी बघितली. आणि नाही बघितली."

"आणखी एकच सांगा. मला बोलवायचं कोणाच्या डोक्यात आलं? साहेबांच्या?"

"साहेब सुरक्षावाल्यांना सांगणार होते. ताईच म्हणाल्या, बाईंना आणा. दुसऱ्या कोणाला नको. बाईच शोधतील."

पान ७

दप्तरखान्यापासून भट्टीपर्यंत चारशे पावलं. बाईंच्या गुडघ्याला ती आठशे वाटली.

वाटेत त्यांनी हिशेब मांडला, आणि तो कुठंतरी चुकावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. कागद घाईत ओढलेले नाहीत. लेस सोडून परत बांधली आहे. म्हणजे घेणाऱ्याला वेळ होता आणि गाठ येत होती. तिनं वाचून झालेली फाइल पुन्हा दोनदा मागवली. दप्तरीला तिनंच बाहेर घालवलं. भट्टीताईचे कागद भट्टीताईनंच नेले, इथपर्यंत शंका नव्हती.

पण स्वतःचं घर फोडणारा माणूस स्वतःहून फौजदार बोलावत नाही. कागद गायबच करायचे होते तर त्यात अवघड काय होतं? समोर पंधराशे अंशांची भट्टी धगधगतेय. पानं आत टाकली असती तर राखही मिळाली नसती. सापडू नये असं ज्याला वाटतं, तो कारखान्यात सगळ्यात चांगल्या शोधणारीला आणायला गाडी पाठवायला लावत नाही.

म्हणजे सापडावं असं तिला वाटत होतं. आणि ते बाईंनाच सापडावं.

का?

तिन्ही दिवस तेच एक पान, असं दप्तरी म्हणाला होता. त्या पानावर तिला 'मान्य' लिहिता येईना. मग 'अमान्य' का लिहिलं नाही? 'अमान्य' लिहिलं की पान लिहिणाऱ्याला समितीपुढे उभं करतात. कोण होतं ते, ज्याला उभं करायला हिचं मन धजेना?

तीनदा नको म्हणाली. पत्र नाही. तुमच्याच वेळचं आहे.

बाई भट्टीच्या दारात थांबल्या. धग तोंडावर आली. आत माणसं निळ्या काचांचे चष्मे लावून वावरत होती. लाल कढत काचेचे थेंब साच्यात पडत होते आणि बाटल्या बाहेर येत होत्या, एकीसारखी एक. आत पाऊल टाकलं नाही तर बरं, असं तीस अधिक नऊ वर्षांत त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

पान ८

भट्टीताईच्या केबिनमध्ये टेबलावर दीडशे पानं उघडी पडली होती. लपवलेली नव्हती, झाकलेलीही नव्हती. दोन कप चहा होता. दोन्ही गार झालेले.

"अकरापासून वाट बघतेय," ती म्हणाली. भट्टीच्या आवाजावर ओरडून ओरडून तिचा गळा कायमचा बसलेला होता. "तुम्ही आधी जावईबापूंकडे गेलात ना? मला वाटलंच. मीही सतरा वर्षं साहेबांच्या घराकडंच बोट दाखवत होते."

बाई बसल्या. भट्टीताईनं वरचं पान त्यांच्यापुढे सरकवलं. चष्मा लावायच्या आधीच बाईंना अक्षर ओळखू आलं. टपोरं, डावीकडे किंचित झुकलेलं. शाळेत त्या अक्षराला बक्षीस मिळालं होतं.

पान ५ (सापडलेले)

डोंगरापलीकडील युनिटच्या प्रमुखपदासाठी सदर अधिकाऱ्यांचे नाव सुचविण्यात आले आहे. त्या कार्यक्षम आहेत. तथापि त्यांना दोन वर्षांची मुलगी आहे. बाहेरगावची जबाबदारी स्वीकारणे त्यांना शक्य होणार नाही. नावाचा विचार करू नये.

सही, कर्मचारी अधिकारी.

पुढील वर्षी: मागील शेरा कायम. सही, तीच.
त्यापुढील वर्षी: मागील शेरा कायम. सही, तीच.
मागील शेरा कायम. सही, तीच.
मागील शेरा कायम. सही, तीच.
मागील शेरा कायम. सही, तीच.
मागील शेरा कायम. सही, तीच.
मागील शेरा कायम. सही, तीच.
मागील शेरा कायम. सही, तीच.
मागील शेरा कायम. सही, नवीन कर्मचारी अधिकारी.

आणि असेच आणखी सात, गेल्या वर्षापर्यंत.

पान ९

"पोरगी एकोणीस वर्षांची झाली," भट्टीताई म्हणाली. "वसतिगृहात राहते, स्वतः गाडी चालवते, मला अक्कल शिकवते. फाइलमध्ये अजून दोनच वर्षांची आहे."

बाईंच्या डोळ्यांपुढे तो दिवस आता लख्ख उभा राहिला. आठवायला नको तेव्हाच. कपडे बदलायच्या खोलीत ही बसली होती, भिंतीला टेकून. सलग दोन पाळ्या झालेल्या, घरी मूल तापानं फणफणलेलं. बाईंना पोटातून कळवळून आलं होतं. त्या तशाच उठून टेबलाशी गेल्या होत्या आणि हिला आणखी कुठं लांब जावं लागू नये म्हणून दोन ओळी लिहिल्या होत्या. लिहून बरं वाटलं होतं. म्हणूनच विसरल्या.

"तुला वाचवत होते मी."

"माहीतय. म्हणून तर तीन दिवस लागले. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर पहिल्या मिनिटाला अमान्य लिहून मोकळी झाले असते, वर दोन शिव्या." ती हसायला गेली आणि तिला जमलं नाही. "सतरा वर्षं मी धाकट्या साहेबांना तळतळाट दिले, बाई. आणि रडायला कुठं यायचे? तुमच्याकडे. तुम्ही डोक्यावरून हात फिरवून म्हणायचात, पुढच्या खेपेला होईल."

"विचारायला हवं होतं मी."

"हो."

"हो म्हणाली असतीस?"

"मला माहीत नाही." भट्टीताईनं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग होते. "कदाचित नवऱ्याशी भांडले असते. आईला बोलावून घेतलं असतं. दोन रात्री झोपले नसते आणि मग काहीतरी म्हणाले असते. काय म्हणाले असते, ते आता मला कधीच कळणार नाही. राग त्याचा आहे. खुर्चीचा नंतर."

बाहेर पाळी बदलल्याचा भोंगा झाला. तीन वाजले.

"अमान्य लिही," बाई म्हणाल्या.

"नको. तुम्हाला या वयात त्या पाच जणांपुढे उभं करायचं? तुम्ही बसून वाचावं, एवढंच मला हवं होतं. वाचलंत. संपलं."

"संपलं कसं? चारला फाइल टेबलावर गेली पाहिजे. 'मान्य' लिहिलंस तर तूच नको म्हणालीस असं होतं. लिहिलं नाहीस तर फाइल अपुरी. अमान्य लिहिलंस तरच मला बोलता येईल." त्यांचा आवाज जुन्या खोलीतल्यासारखा कडक झाला. "लिही म्हणते ना!"

भट्टीताईनं पेन उचललं. त्या एका शब्दाला तिला वेळ लागला.

बाकीच्या सगळ्या पानांवर सह्या आधीच झालेल्या होत्या. बाईंनी पानं जुळवली, पुठ्ठ्यात घातली आणि लेस बांधायला घेतली. टोक दोनदा निसटलं. शेवटी गाठ भट्टीताईनंच मारली.

पान १०

समितीत पाच जण होते. पाचही बाईंना ओळखत होते. दोघांना तर त्यांनीच नोकरीवर घेतलं होतं. नियमाप्रमाणे बाई उभ्या राहिल्या. खुर्ची देऊ केली ती त्यांनी नाकारली.

पान वाचून दाखवलं. मग म्हणाल्या, "हे मी लिहिलं. तिला न विचारता. ती कधीही नको म्हणालेली नाही. पुढची आठ वर्षं मी न वाचता सही केली. त्या पाच वर्षांच्या अनुभवाची अट तिला पुरी करता आली नाही, कारण मी ती करू दिली नाही. ही अट तिला लावू नये."

धाकट्या साहेबांचे डोळे भरून आले होते, खोटे नव्हेत.

"बाई, केवढा मोठेपणा तुमचा," ते म्हणाले.

"मोठेपणा नको, साहेब. निर्णय सांगा."

टेबलाच्या टोकाला कारखान्याचे वकील होते. त्यांनी घसा साफ केला. माणूस सरळ होता, म्हणूनच सरळ बोलला. "चूक झाली, हे मान्य. ती फाइलमध्ये दुरुस्त करून घेऊ. पण समितीपुढचा प्रश्न, अनुभव आहे की नाही, एवढाच आहे. का नाही, हा प्रश्न निराळा. युनिट चालवलं नाही ते नाहीच."

"तुमच्यामुळे झालं असं मनाला लावून घेऊ नका," दुसरा म्हणाला. "त्या काळी तुमच्या जागी मी असतो तर हेच लिहिलं असतं."

"आम्ही सगळ्यांनीच लिहिलं असतं," तिसरा म्हणाला.

ते बाईंचं सांत्वन करत होते.

हात वर करून मत घेतलं. एक हात भट्टीताईसाठी वर गेला, धाकट्या साहेबांचा, आणि तोही अर्ध्यात थांबून खाली आला. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली. पुढच्या वर्षीच्या फॉर्ममधून तो शेरा काढून टाकावा, असा ठराव मात्र एकमतानं झाला.

पान (क्रमांक घातलेला नाही)

भट्टीताई केबिनच्या दारात उभी होती. बाईंच्या चालण्यावरून तिला कळलं.

मग तिचा फोन वाजला. तिनं नाव बघितलं, एक मोठा श्वास घेतला आणि आवाज नीट केला.

"नाही गं. नाही झालं... हो, जावई... नाही, मी ठीक आहे. खरंच. पाळी चालू आहे, माणसं थांबलीत... कोण? हो, बाई इथंच आहेत, माझ्यासमोर." ती थांबली. पलीकडचा आवाज बाईंना ऐकू येत होता, शब्द नाहीत. "नको, आत्ता नको. दमल्यात त्या... बरं. बरं, देते."

तिनं फोन पुढे केला.

"पोरीला तुमच्याशी बोलायचंय."

बाईंनी फोन घेतला. या मुलीचा आवाज त्यांनी अनेकदा ऐकला होता, वाढदिवसाला, निकालाच्या दिवशी. आज तो एकदम पूर्ण वाढलेल्या बाईचा वाटला. खणखणीत, आईसारखा, पण न बसलेला.

"आजी? तुम्ही होतात ना आत? मला आई काही सांगणार नाही, ती सगळ्यांना पाठीशी घालते. तुम्ही सांगा. तिच्याइतकं काम तिथं कोणाला येत नाही, मग दर वेळी हे कसं होतं? कोण अडवतं तिला?"

बाईंनी भट्टीताईकडे पाहिलं. सांगा किंवा सांगू नका, असं त्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. तिनं निळ्या काचांचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ती भट्टीकडे निघून गेली. बाई एकट्या राहिल्या.

"आजी? ऐकू येतंय ना?"

"येतंय," बाई म्हणाल्या. "तू बसली आहेस का कुठं?"

"उभी आहे. का?"

"बस."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाई मात्र उभ्याच राहिल्या.

"बसले. सांगा. कोण?"

"मी," बाई म्हणाल्या. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तू दोन वर्षांची होतीस. तिथपासून सांगते."